बॅज छातीवर लाव

चिपळूण

चि. निखिल,


फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करून विषय बदलतोस, म्हणून हे पत्र. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. वेल्डिंगच्या जोडांचे रेडिओग्राफीचे शॉट घेताना तुझा टीएलडी बॅज छातीवर असतो की लॉकरमध्ये?

सुरेशचा मेव्हणा रविवारी येऊन गेला. तो तुमच्याच साईटवर फिटर आहे. चहा घेता घेता कौतुकानं सांगत होता, "निखिल भारी चलाख. बॅज आत ठेवून कामाला जातो. किरणांच्या मात्रेचा आकडा वाढत नाही, कुणी थांबवत नाही, ओव्हरटाईम बघा त्याचा!" वहिनीला त्यातलं काही कळलं नाही, ती बिचारी खूश झाली. माझ्या घशाखाली चहा उतरेना. दादाला मी अजून काही बोललेले नाही. हे खोटं असेल तर तसं कळव, त्या माणसाला मी चांगली सुनावीन. खरं असेल तर मात्र पुढचं नीट वाच.

माझ्या बारावीच्या वर्गातले चिंचोके आठवतात? फोडलेले शंभर चिंचोके डब्यात घालून तूच खुळखुळवायचास. पांढरी बाजू वर आली की तो बाजूला. पहिल्या खेपेला साधारण निम्मे जायचे, पुढच्या खेपेला उरलेल्यांतले निम्मे. कुठला जाणार हे कुणालाच सांगता यायचं नाही, साधारण किती जाणार हे मात्र ठरलेलं. तुझ्या पिगटेलच्या टोकाशी सोर्स म्हणून असलेलं इरिडियम-१९२ याच नियमानं चालतं. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत साध्या इरिडियमच्या केंद्रकात एक न्यूट्रॉन जादा शिरतो. ७७ प्रोटॉन आणि ११५ न्यूट्रॉन अशी मोट बांधली जाते आणि ती काही टिकत नाही. बहुतेक वेळा एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि इरिडियमचं प्लॅटिनम होतं. एवढ्यानंही ते नवं केंद्रक निवत नाही. उरलेली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपानं टाकतं तेव्हा कुठे शांत होतं. वेल्डिंगच्या जोडातून आरपार जाऊन तुझ्या फिल्मवर उमटतात ते हेच किरण. ७४ दिवसांत निम्मं इरिडियम असं संपतं. हा आकडा तुम्हा लोकांना पाठ असतो, कारण त्यावरच एक्स्पोजरचा वेळ काढायचा असतो.

एक्स-रे मशीनचं बटण बंद केलं की किरण थांबतात. सोर्सला बटण नाही रे. रात्रीचे तीन वाजलेत, अजून दहा जोड बाकी आहेत, सुपरवायझर ओरडतो आहे, यातलं त्या केंद्रकांना काही ठाऊक नसतं. ५० क्युरीच्या सोर्समध्ये दर सेकंदाला एक लाख पंच्याऐंशी हजार कोटी केंद्रकं विघटन पावतात. तुझा कॅमेरा जड असतो तो त्यांना अडवणाऱ्या युरेनियमच्या आवरणामुळे. सोर्स त्या आवरणाबाहेर असताना एक मीटरवर उभा राहिलास, तर पाच मिनिटांत २० मिलिसिव्हर्ट. अणुऊर्जा नियामक मंडळानं पाच वर्षांच्या सरासरीनं एका वर्षाला घातलेली मर्यादा तेवढीच आहे. अंतर दहापट कमी केलं की मात्रा शंभरपट. हे गणित मी फळ्यावर मांडलं तेव्हा सगळ्यांआधी हात तू वर केला होतास. ज्याला हे इतकं समजतं त्यानं बॅज काढून ठेवावा?

त्या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात, डिस्प्रोसियमचा अंश घातलेल्या. अंगावर आलेल्या किरणांची ऊर्जा त्या धरून ठेवतात आणि तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत तापवल्या की त्या प्रमाणात उजेड देतात. बॅज तुला वाचवत नाही, तो तुझा साक्षीदार आहे. तू त्यालाच कुलूप लावतोस. चकती लॉकरमध्ये पडून शून्य सांगणार, आणि तुझ्या अस्थिमज्जेनं जे सोसलं ते कुठेच लिहिलेलं नसणार. उद्या रक्ताचं काही निघालं, तर हे कामामुळे झालं असं कुठल्या कागदावर बोट ठेवून सांगशील? कागद म्हणेल, या मुलाला काही लागलंच नव्हतं. ठेकेदार मोकळा, आणि त्याला मोकळं करणारा तू.

पेरू देशातल्या यानांगोचा अहवाल मी वाचला आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये तिथल्या जलविद्युत प्रकल्पावर एका वेल्डरला पडलेला सोर्स सापडला. तुझ्याकडे असतो तसाच, इरिडियम-१९२, ३७ क्युरीचा. लहानशी धातूची वस्तू. त्यानं ती उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकली आणि कामाला लागला. काही तासांनी मांडी दुखायला लागली. डॉक्टर म्हणाला, किडा चावला असेल. घरी जाऊन त्यानं पँट काढून ठेवली, आणि मुलाला पाजायला त्याची बायको त्याच पँटवर बसली. इकडे रात्री फिल्म धुतल्यावर त्यावर काहीच उमटलेलं नाही हे कळलं, तेव्हा शोधाशोध सुरू झाली आणि मध्यरात्र उलटल्यावर माणसं त्याच्या दारात आली. पुढे त्याचा पाय कापावा लागला. कॅमेऱ्यापासून गाईड ट्यूबच्या टोकापर्यंत मीटर घेऊन कुणी एक फेरी मारली असती, तर त्या माणसाचा पाय राहिला असता, असं मला राहून राहून वाटतं. त्याच्याही आधी, १९०१ मध्ये, खुद्द बेकरेलची कातडी जाकिटाच्या खिशातल्या रेडियमच्या नळीनं भाजली होती. तेव्हा या किरणांचं अंगावर काय होतं ते जग नुकतं शिकत होतं. तू शिकून, परीक्षा देऊन तिथे गेला आहेस.

मी चिडून लिहिते आहे ते जाणवत असेल. तू हे काम घेतलंस तेव्हा घरात सर्वांत जास्त आनंद मला झाला होता, हेही तुला माहीत आहे. त्यामागचं मी कधी बोलले नाही. शिक्षण झाल्यावर मला ट्रॉम्बेच्या ट्रेनिंग स्कूलचं मुलाखतीचं पत्र आलं होतं. अण्णा, तुझे आजोबा, म्हणाले, एकट्या मुलीला मुंबईला पाठवायचं नाही. मी पत्र घडी करून ट्रंकेत ठेवलं. भांडले नाही, रडलेसुद्धा नाही. एवढी वर्षं वर्गात अल्फा, बीटा, गॅमाचे बाण काढले, पण ज्या वस्तूतून ते निघतात ती जवळून पाहायची राहूनच गेली. गेल्या गणपतीत तू ओटीवर बसून क्रँक कसा फिरवतात, कॉलिमेटर कसा लावतात ते हातवारे करून दाखवत होतास, तेव्हा मी तुझे हातच बघत होते. आमच्या घरातला एक जण तिथवर पोचला, असं वाटलं.

म्हणून सांगते, बॅज काढायची कल्पना तुझी नसेलही. वरच्या कुणीतरी "आज राहू दे आत" म्हटलं असेल आणि नवीन माणूस म्हणून तू गप्प बसला असशील. ते गप्प बसणं मला चांगलं समजतं, ते जन्मभर पुरतं. तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्याला स्पष्ट सांग की बॅजशिवाय मी कॉर्डनच्या आत पाऊल टाकणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. तुझ्या हातात विद्या आहे.

दादाच्या ऑपरेशनचं कर्ज तू एकट्यानं अंगावर घेतलंस. ओव्हरटाईम कशासाठी चालला आहे हे मला न कळायला मी काही परकी नाही. माझी पोस्टातली ठेव मार्चमध्ये सुटते. मला एकटीला लागतं किती? त्यातून मुद्दल बरंच उतरेल. दादाला सांगायचं नसेल तर नको सांगूस, आपल्या दोघांतच राहील. पण त्या पैशापायी बॅज पुन्हा लॉकरमध्ये गेला असं मला कळता कामा नये.

आणि आजवर किती लागलं ते बॅजनं नोंदवलेलं नसलं, तरी वाट बंद झालेली नाही. रक्तातल्या पेशींची गुणसूत्रं तपासून अंदाज काढता येतो, ट्रॉम्बेत ती सोय आहे. रजा टाक, मी तुझ्याबरोबर येईन. ट्रॉम्बेला जायचं माझं तसंही राहिलंच आहे.

एक गोष्ट गणपतीतच विचारायची होती. तुझ्या उजव्या अंगठ्याजवळची कातडी सोलवटली होती. तू म्हणालास, पत्रा लागला. चारचौघांत मी विषय वाढवला नाही, पण तेव्हापासून तो अंगठा डोळ्यांसमोरून जात नाही. खरंच पत्रा लागला असेल. तरी हे वाचून झालं की त्या हाताचा फोटो काढून मला पाठव, उजेडात, दोन्ही बाजूंनी. काही असलं तरी पाठव. मी रागावणार नाही रे बाळा.

तुझी
आत्या