प्रकाश वाटेत थकतो का?

प्रश्न : दूरच्या दीर्घिकांच्या प्रकाशातल्या ताम्रसृतीवरून विश्व प्रसरण पावते असे सांगतात. पण एवढ्या लांबच्या प्रवासात प्रकाशच थकत असेल, तर?

उत्तर : शंका रास्त आहे. १९२९ साली खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी हीच कल्पना मांडली होती.

आधी एक गैरसमज दूर करू. ताम्रसृती म्हणजे नुसते लालसर दिसणे नव्हे. वाटेतल्या धुळीमुळेही तारे लालसर दिसतात, पण तेव्हा वर्णपटातल्या रेषा जागच्या हलत नाहीत. ताम्रसृतीत हायड्रोजन, कॅल्शियमच्या ओळखीच्या रेषा एकाच प्रमाणात लांब तरंगलांबीकडे सरकतात.

झ्विकींच्या मते प्रवासात प्रकाशकणांची ऊर्जा हळूहळू घटते. ऊर्जा घटली की तरंगलांबी वाढते. अंतर जास्त, तशी सृतीही जास्त. इथवर सगळे जुळते. मात्र ऊर्जा कशावर तरी आदळून घटत असेल, तर प्रकाशाची दिशाही ढळणार आणि दूरच्या दीर्घिका धूसर दिसणार. त्या तशा दिसत नाहीत.

खरा निवाडा वेळेने केला. ‘आयए’ प्रकारचे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, साधारण ठरावीक दिवसांत उजळतात आणि मावळतात. विश्व प्रसरण पावत असेल, तर आज निघालेला आणि वीस दिवसांनी निघालेला प्रकाश यांच्यातले अंतरही वाटेत ताणले जाणार. ताम्रसृती १ असेल, म्हणजे तरंगलांबी दुप्पट झाली असेल, तर वीस दिवसांची घटना आपल्याला चाळीस दिवस चाललेली दिसणार. प्रकाश नुसता थकत असता, तर ती वीस दिवसांतच आटोपली असती. १९९० च्या दशकापासून झालेल्या मोजणीत दूरचे स्फोट नेमके त्या प्रमाणात लांबलेले आढळले. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण तो रंगावर अवलंबूनच नाही.

थकलेल्या प्रकाशाहून कसदार पर्याय जयंत नारळीकरांनी खगोलशास्त्रज्ञ हॅल्टन आर्प यांच्यासह १९९३ मध्ये मांडला. त्यात कणांचे वस्तुमान काळानुसार वाढते. पूर्वीचा इलेक्ट्रॉन हलका, म्हणून तेव्हाच्या अणूचा प्रकाश मुळातच लांब तरंगलांबीचा. शिवाय अणूंची घड्याळेही मंद, त्यामुळे सुपरनोव्हाची परीक्षा हा सिद्धान्त पार करतो. नव्याने जन्मलेले द्रव्य तर आणखी हलके. आर्प यांना शेजारी वाटणाऱ्या, पण फार वेगळी ताम्रसृती असलेल्या जोड्यांचा उलगडा त्यातून होणार होता. एनजीसी ४३१९ ही दीर्घिका आणि मार्केरियन २०५ हा क्वेसार ही त्यांतली गाजलेली जोडी. मात्र हबल दुर्बिणीने घेतलेल्या क्वेसारच्या वर्णपटात त्या दीर्घिकेतल्या वायूच्या शोषणरेषा सापडल्या. म्हणजे क्वेसार तिच्या शेजारी नसून तिच्या मागे आहे.