नवउद्योगांची शहरे : गर्दी किती, नवनिर्मिती किती?

केंद्र शासनाने १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ ही मोहीम सुरू केली आणि तेव्हापासून ‘स्टार्टअप’ हा शब्द मंत्रालयापासून ग्रामसभेपर्यंत सर्वत्र ऐकू येऊ लागला. मराठीत त्याला नवउद्योग म्हणता येईल. शासनमान्य नवउद्योगांची संख्या २०२३ अखेर देशात एक लाखाच्या वर गेली होती आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. ही संख्या समाधान देणारी आहे, यात शंका नाही. तथापि, फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेत नवउद्योगाची जी व्याख्या करण्यात आली ती बारकाईने वाचली असता एक प्रश्न उभा राहतो. नोंदणीपासून दहा वर्षे उलटलेली नसावीत, कोणत्याही वर्षी उलाढाल शंभर कोटी रुपयांपुढे गेलेली नसावी, या अटींबरोबर तेथे असे म्हटले होते की, ती संस्था वस्तू, प्रक्रिया वा सेवा यांच्या नवनिर्मितीसाठी अथवा सुधारणेसाठी काम करणारी असावी. किंवा झपाट्याने विस्तारणारा, रोजगार अथवा संपत्ती निर्माण करण्याची मोठी क्षमता असलेला तो व्यवसाय असावा. या ‘किंवा’ मध्येच खरी मेख आहे. एकही नवी गोष्ट न शोधता एखादा व्यवसाय नवउद्योग ठरू शकतो. तेव्हा एखाद्या शहरात असे शेकडो व्यवसाय एकत्र आले म्हणजे तेथे नवनिर्मिती होतेच, असे धरून चालता येत नाही.

हे व्यवसाय एकत्र मात्र निश्चित येतात. संगणकजाळ्यामुळे काम कोठूनही करता येत असताना ते बंगळूर, दिल्लीचा परिसर, मुंबई, हैदराबाद, पुणे अशा मोजक्या ठिकाणीच दाटी करतात. याचे कारण इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिले आहे. एकाच धंद्यातील माणसे शेजारी राहू लागली की कुशल कामगार तेथे सहज मिळतात, पूरक धंदे आपोआप उभे राहतात आणि धंद्यातील खुब्या हवेत पसरल्यासारख्या सर्वांपर्यंत पोहोचतात. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला किंवा कोल्हापूरच्या ओतशाळेच्या मालकाला हे समजण्यासाठी मार्शल यांचा ग्रंथ उघडण्याची गरज नाही. त्यांच्या रोजच्या व्यवहारातच ते आहे.

माणसे सोडून जातात तेथे

संगणकयुगातील अशा वस्तीचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील सिलिकॉन व्हॅली. १९५१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपल्या जमिनीवर औद्योगिक वसाहत वसवली. १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरच्या शोधकर्त्यांपैकी एक, विल्यम शॉक्ली, यांनी जवळच आपली प्रयोगशाळा काढली. त्यांच्या कारभाराला कंटाळून १९५७ मध्ये आठ तरुण शास्त्रज्ञ एकाच वेळी बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी स्थापन केली. पुढे १९६८ मध्ये त्या आठांपैकी रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी फेअरचाइल्ड सोडून इंटेल काढली. त्या खोऱ्यातील कंपन्यांची वंशावळ मांडली तर तिच्या फांद्या अशाच फुटलेल्या दिसतात.

याउलट मॅसेच्युसेट्स राज्यात बॉस्टन शहराभोवतीच्या १२८ क्रमांकाच्या महामार्गावरही मोठी विद्यापीठे होती, भांडवल होते, सरकारी कामे होती आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या डिजिटल इक्विपमेंटसारख्या बलाढ्य कंपन्या होत्या. परंतु त्या कंपन्या आपले सारे ज्ञान आपल्याच भिंतींच्या आत ठेवीत. डिजिटल इक्विपमेंट १९९८ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या मालकीची झाली. अ‍ॅनाली सॅक्सेनियन या विदुषीने १९९४ मधील आपल्या ग्रंथात या दोन प्रदेशांची तुलना करून दाखवले की, फरक साधनांत नव्हता, माणसांच्या येण्याजाण्यात होता.

कॅलिफोर्नियात हे येणेजाणे सोपे होण्यामागे कायद्याचाही हात आहे. नोकरी सोडल्यावर त्याच धंद्यात पडणार नाही, असा करार तेथे १८७२ च्या संहितेनुसार निरर्थक ठरतो. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या भारतीय करार अधिनियमातील कलम २७ जवळजवळ हेच सांगते. दोन्हींचे मूळ डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्क राज्यासाठी तयार केलेल्या मसुद्यात आहे आणि गंमत म्हणजे खुद्द न्यूयॉर्कने तो मसुदा कधी स्वीकारलाच नाही. परंतु कायदा तोच असूनही आपल्याकडे शंभर वर्षांत सिलिकॉन व्हॅली उभी राहिली नाही. सोडून जाण्याची मोकळीक असणे पुरेसे नाही. ज्ञान गाठीशी बांधून जिथून बाहेर पडावे, अशी मातृसंस्थाही आधी असावी लागते.

पुण्याची जडणघडण

या दृष्टीने पुणे शहराचा इतिहास पाहण्यासारखा आहे. पुण्यात संगणकाचा धंदा आला तेव्हा जमीन कोरी नव्हती. अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासून तेथे होते. ३ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर पिंपरी-चिंचवड परिसरात टेल्को, बजाज ऑटो यांसारखे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग, साचे आणि हत्यारे पुरवणाऱ्या लहान कर्मशाळा भोसरीत पसरल्या. ज्याला आज कौशल्य म्हटले जाते ते या कर्मशाळांत लेथवर उभे राहून मिळवलेले होते.

या पायावर पुढचे थर चढले. १९८१ मध्ये टाटा समूहाने पुण्यात टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र काढले. १९८७ च्या सुमारास भारताला अमेरिकन महासंगणक मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा केंद्र शासनाने १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन केले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. एकाच महागड्या प्रक्रियकावर भिस्त न ठेवता अनेक साध्या प्रक्रियकांना एकाच वेळी कामाला लावणे, ही त्यामागील पद्धत होती. भारतीय लिपी संगणकावर आणणारे ‘जिस्ट’ तंत्रही सी-डॅकने वाढवले. १९९०-९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना जेथे प्रथम आली त्या स्थळांत बंगळूर व भुवनेश्वरबरोबर पुणेही होते. लहान कंपनीला परवडणारी उपग्रह-दळणवळणाची सोय त्यामुळे मिळाली.

त्याच सुमारास सुरू झालेल्या तीन व्यवसायांच्या जन्मकथा पाहिल्या तर वस्ती कशी वाढते हे ध्यानात येते. डॉ. आनंद देशपांडे अमेरिकेत शिक्षण घेऊन, कॅलिफोर्नियातील ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम करून परतले आणि १९९० मध्ये त्यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. केपीआयटीची मुळे कीर्तने आणि पंडित या सनदी लेखापालांच्या पेढीत होती. ती २००२ मध्ये कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या उद्योगसमूहाच्या संगणक शाखेशी जोडली गेली आणि पुढे वाहनांतील संगणक प्रणाली हाच तिचा मुख्य विषय झाला. वाहनांच्या गावात वाहनांचे सॉफ्टवेअर रुजले, ते असे. तिसरी कथा कैलास काटकर यांची. त्यांनी गणकयंत्रे दुरुस्त करण्यापासून आरंभ केला. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा त्यांचे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस बाजारात आले. २०१६ मध्ये या कंपनीच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. येथे विद्यापीठ नव्हते की परदेशी भांडवल नव्हते. अडचण रोज टेबलावर येऊन पडत होती, एवढेच.

नवनिर्मिती झाली का?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण या गावांच्या परिसरात औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले आणि तेथे देशातील जवळजवळ सर्व मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये आली. लाखो तरुणांना त्यामुळे उत्पन्नाचे साधन मिळाले. परंतु तेथील बहुतांश कामाचे स्वरूप असे की, परदेशी ग्राहक काय हवे ते ठरवतो, येथील अभियंता ते करून देतो आणि मोबदला माणसांच्या तासांवर मोजला जातो. जेथे तास विकले जातात तेथे पन्नास तासांचे काम पाच तासांत करून देणारी युक्ती शोधणाराचे उत्पन्न घटते. अभियंत्यांच्या बुद्धीचा यात दोष नाही. हिशेबाची पद्धतच शोधाला प्रतिकूल आहे. शिवाय मोठ्या वेतनाची नोकरी सोडून, घराचे हप्ते थांबवून, स्वतःचे काही करण्याचे धाडस कितीजण करणार?

दुसऱ्या प्रकारचे व्यवसाय म्हणजे परगावी यशस्वी झालेली कल्पना आपल्या शहरात आणणारे. किराणा घरपोच करणे, गाडी बोलावणे, भाड्याचे घर शोधून देणे हे यात येते. लोकांची सोय होते, रोजगारही मिळतो. त्याला नवनिर्मिती म्हणायचे तर शब्द बराच ताणावा लागतो.

तिसरा प्रकार संख्येने लहान आहे, पण पुण्यात तो नाही असे नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये ‘व्हेंचर सेंटर’ सुरू झाले. हे इनक्युबेटर आहे, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या उद्योगाला जागा, उपकरणे आणि जाणकारांचा सल्ला देऊन सांभाळणारे केंद्र. जैवतंत्रज्ञान, रसायने, वैद्यकीय उपकरणे यांसारख्या विषयांत, जेथे केवळ टेबल आणि संगणक पुरत नाही, तेथे महागडी यंत्रे तासाच्या भाड्याने मिळणे हेच भांडवल असते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या निदानासाठी मान्यता मिळालेला पहिला देशी बनावटीचा आरटी-पीसीआर संच पुण्याच्या मायलॅब या कंपनीचा होता. असा संच काही आठवड्यांत सिद्ध होऊ शकला, कारण रेणूंवर काम करणारी माणसे व साहित्य शहरात आधीपासून होते.

मोजमाप करताना पेटंटांच्या आकड्यावर विसंबण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम ३ (ट) या इंग्रजी पाठातील ‘के’ खंडानुसार केवळ संगणक प्रणाली म्हणून कोणत्याही प्रणालीला पेटंट मिळत नाही. त्यामुळे उत्तम सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी या गणतीत शून्य ठरू शकते. संशोधनावरील खर्च हे त्याहून बरे माप. २०२०-२१ मध्ये भारताचा असा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खाजगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्केच होता. एवढ्या अल्प पेरणीवर नवउद्योगांच्या संख्येवरून अपेक्षिले जाणारे पीक येणे कठीण आहे.

जागा, भाडे आणि ग्रामपंचायत

वस्ती नावारूपाला आली की जागेचे भाव चढतात आणि ज्यांच्यासाठी ती वसवली त्या लहान उद्योगालाच ती परवडेनाशी होते. हिंजवडीचे उद्यान ग्रामपंचायतींच्या हद्दीत उभे राहिले. कार्यालये वाढली, पण रस्ते, पाणी आणि कचरा यांचा भार दोन-चार हजार वस्तीच्या हिशेबाने घडलेल्या यंत्रणेवर पडला. तासन्‌तास वाहनांच्या रांगेत अडकणारा अभियंता संध्याकाळी दुसऱ्या कंपनीतील मित्राला भेटून कल्पनांची देवाणघेवाण करील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. खुब्या हवेत पसरण्यासाठी माणसांना एकमेकांजवळ पोहोचता तरी यावे.

हडपसरजवळील मगरपट्ट्याने वेगळी वाट दाखवली. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास ४०० एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली, कंपनी स्थापून तिचे भागधारक झाले आणि त्याच जमिनीवर घरे, शाळा व संगणक कंपन्यांची कार्यालये असलेले नगर वसवले. जमिनीच्या वाढत्या मोलाचा वाटा गावाकडे राहिला. तेथेही भाडेकरू मोठ्या कंपन्याच अधिक आहेत, हे खरे. पण भूसंपादनाची नोटीस हातात पडण्यापूर्वी सरपंचांनी अभ्यासावे असे हे उदाहरण आहे.

पहिला गिऱ्हाईक

नवी वस्तू तयार झाली तरी ती प्रथम कोण घेणार, ही अडचण जागेच्या आणि भांडवलाच्या अडचणीहून बिकट असते. पुण्यात २००८ मध्ये सुरू झालेली ड्रुवा ही माहितीची सुरक्षित साठवण करणारी कंपनी पुढे मुख्यालय कॅलिफोर्नियाला घेऊन गेली. तिचा ग्राहक मुख्यतः तिकडे होता. गिऱ्हाईक जेथे असते तेथे कंपनी आज ना उद्या जाते.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये नावीन्यपूर्ण स्टार्टअप धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षापासून ‘महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताह’ या उपक्रमात निवडलेल्या २४ नवउद्योगांना शासकीय विभागांकडे प्रायोगिक काम करण्यासाठी प्रत्येकी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत सुरू केली. केंद्र शासनाने त्याआधीच, २०१६ मध्ये, सार्वजनिक खरेदीत नवउद्योगांसाठी पूर्वानुभव व पूर्वीची उलाढाल या अटी शिथिल करण्याची मुभा दिली होती. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात गळती शोधणारे यंत्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासणारे उपकरण वर्षभर वापरले जाणे, हा त्या उद्योगाच्या दृष्टीने कोणत्याही बक्षिसाहून मोठा लाभ असतो. यंत्र कोठे अडते हे तेथेच कळते. प्रायोगिक काम संपल्यावर मात्र नियमित निविदा निघते. तिचा तांत्रिक तपशील बाजारातील एखाद्या जुन्या यंत्राचे माहितीपत्रक समोर ठेवून लिहिलेला असला आणि मुभा असूनही तीन वर्षांच्या अनुभवाचा रकाना तसाच राहिला, तर ज्या यंत्राने वर्षभर त्याच विभागात काम केले ते छाननीच्या पहिल्याच फेरीत बाद होते.