काय सोडायचं ते सांगतात, काय घ्यायचं ते नाही

मटण-मासे सोडून पुढे दूधही बंद करणाऱ्याला आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, ‘अशक्तपणा येईल बघ.’ दुसरी म्हणतात, ‘झाडपाल्यात सगळं असतं.’ पहिल्यांवर माझा राग नाही, ती निदान सावध तरी करतात. राग आहे तो दुसऱ्यांवर, कारण झाडपाल्यात सगळं नसतं. बी-१२ जीवनसत्त्व नसतं, आणि रक्त आणि मज्जातंतू दोन्ही त्याच्यावर अवलंबून आहेत. मांसाहार सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तरी सोडेन. प्राण्यांबद्दल, पाण्याबद्दल, पृथ्वीबद्दल तासभर बोलणाऱ्यांनी हे एक वाक्य मात्र गिळलं, आणि त्याची किंमत माझ्यासारख्या ऐकणाऱ्यांनी मोजली, एवढीच तक्रार आहे.

हे वाक्य गिळून पचतं, कारण बी-१२ लगेच हिशोब मागत नाही. प्रौढ माणसाला दिवसाला लागतं जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम; शरीरात, मुख्यतः यकृतात, साठा असतो तो २ ते ५ मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेच्या साधारण हजारपट किंवा त्याहून जास्त. त्यामुळे पहिली काही वर्षं साठ्यावर निघतात. या काळात वजन उतरलं, हलकं वाटलं, की श्रेय नव्या आहाराला. पुढे पायांना मुंग्या येतात, जीभ हुळहुळते, शब्द आठवत नाहीत, जिना चढताना दम लागतो, तेव्हा दोष वयाला नाहीतर ताणाला. तपासणीतही हे सहज निसटतं. बी-१२ कमी पडलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी पडलं की लहान. दोन्ही एकदम कमी असलं तर पेशींच्या आकाराची सरासरी मधोमध येऊ शकते आणि साध्या हिमोग्रामचा कागद ‘नॉर्मल’ म्हणून हातात पडू शकतो. त्यात शाकाहारी ताटात पालेभाज्या आणि डाळी भरपूर, म्हणजे फोलेटची चंगळ. फोलेट रक्तातली खूण झाकतं, मज्जातंतूंचं नुकसान थांबवत नाही. जास्त उशीर झाला तर ते नुकसान पूर्ण भरूनही येत नाही. ‘रिपोर्ट चांगला आहे, उगीच काळजी करता’ हे वाक्य मला आजही ऐकवत नाही ते यासाठी.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माळकरी, त्यांना कुठे काय झालं? एक तर माळकऱ्याने मांस-मासे सोडले, दूध, दही, ताक नाही सोडलं. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ०.४ मायक्रोग्रॅम बी-१२ असतं. अर्धा लिटर दुधाने गरज बरीचशी भागते, दोन कप चहातल्या चमचाभर दुधाने नाही. दुसरं, काही झालं नाही हे कुणी मोजून पाहिलं होतं? पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मोजलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुष होते, गावातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. त्यातल्या ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. आणि हे सगळे वरकरणी निरोगी! आधीच इतका उथळ साठा असलेल्या माणसाला दूधही सोड म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी.

दुसरा हुकमी प्रश्न गाईचा: ती गवतच खाते ना, मग तिला कुठून मिळतं? गवतातून नाही. बी-१२ ना वनस्पती बनवते ना प्राणी. ते बनवतात जिवाणू. गाईच्या पहिल्या पोटात ते राहतात आणि तिथून पुढे आतड्यात बी-१२ शोषलं जातं. आपल्याही मोठ्या आतड्यात असे जिवाणू आहेत, पण शोषणाची जागा लहान आतड्याच्या शेवटी, म्हणजे त्यांच्या अलीकडे. माल तयार होतो तो नाका ओलांडल्यावर. इडलीचं आंबवलेलं पीठ भरवशाचं नाही, आणि स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी बी-१२सारखं दिसणारं, आपल्या शरीराला निरुपयोगी रसायन. (त्याचे डबे काय भावाने विकले जातात, ते विचारू नका.)

मग गोळी घ्यावी लागणारा आहार नैसर्गिक कसा, असं मटणप्रेमी खुशीत विचारतात. मिठात आयोडीन घालून खाणाऱ्यांनी हे विचारू नये. पोल्ट्रीच्या कोंबडीलाही खाद्यातून जीवनसत्त्वं दिली जातात. गोळी तिथेही आहे, मध्ये कोंबडी आहे इतकंच. औषधातलं बी-१२ टाकीत जिवाणू वाढवून मिळतं, त्यासाठी कुणाला मारावं लागत नाही. म्हणजे मांस सोडण्याचं तत्त्व गोळीने मोडत नाही. मग ती सांगायला लाज कसली?

तेव्हा सोडण्याआधी बी-१२, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) आणि हिमोग्राम करून घ्या, वर्षभराने पुन्हा. तपासणीच्या आधी घाईने गोळ्या सुरू करू नका. रक्तातला आकडा फुगतो आणि खरं काय ते कळत नाही. नुसतं फॉलिक ॲसिड स्वतःच्या मनाने कधीच नको. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही बी-१२ कमी करतं, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने तर हे अजिबात टाळू नये, तिची कमतरता बाळापर्यंत जाते. एका वेळी शरीर थोडंच शोषतं, म्हणून रोजची लहान मात्रा की आठवड्याची मोठी, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. बाकी नाचणी, तीळ, कडधान्यं, उसळीवर लिंबू, जेवणालगत चहा नको, हे सगळं तुम्हाला माहीतच असेल. पाकिटांवर व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचं वेगळं चिन्ह २०२२च्या नियमांपासून आलं आहे, पण तेही आत काय नाही एवढंच सांगतं. बी-१२ घातलंय का, ते मागच्या बारीक अक्षरांत शोधा. आणि औषधाच्या दुकानात कॅप्सूल नको, गोळी मागा. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. हेही मला कुणी सांगितलं नव्हतं.