जुन्या मोटारीचें तेल : गळणें आणि जळणें

मोटारगाडी जुनी झाली म्हणजे तिच्या इंजिनांतील तेल कमी होऊं लागतें, हा अनुभव आतां आपल्यांपैकीं पुष्कळांस आहे. पूर्वीं साऱ्या गांवांत एखादी जीप असे. आज वस्तीवस्तीवर पंधरा-वीस वर्षें चाललेल्या गाड्या दिसतात, व त्यांतील बऱ्याच दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हातीं आलेल्या असतात. अशा गाडीखालीं काळा डाग दिसला कीं मालक घाबरतो, मिस्त्रीकडे जातो, आणि मिस्त्री सांगेल तें काम करून बसतो. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. यंत्रविद्या मी शिकलेलों नाहीं. परंतु जमाखर्च कसा ठेवावा एवढें मला कळतें, आणि गाडीच्या तेलाचा प्रश्न हा अर्ध्याहून अधिक जमाखर्चाचाच प्रश्न आहे, अशी माझी स्वानुभवानें खात्री झाली आहे. ती हकीकत व तिच्या अनुषंगानें मिळालेली माहिती येथें देतों.

इंजिनाच्या तळाशीं जें भांडें असतें त्यास मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. त्यांतील तेल पंप वर ओढतो व क्रँकच्या बेअरिंगांपासून वरच्या व्हॉल्व्हांपर्यंत पोंचवितो. तेथून तें पुनः चेंबरांत उतरतें. क्रँकची दोन्ही टोकें जेथें बाहेर येतात तेथें रबरी सील असतें, आणि जेथें दोन भाग एकमेकांस जोडलेले असतात तेथें पॅकिंग असतें. वर्षानुवर्षें उष्णता सोसून रबर कडक होतें, बुचाचें पॅकिंग आकसतें, आणि तेल पाझरूं लागतें. हें झालें गळणें. जळण्याची तऱ्हा निराळी. पिस्टनवरील रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरील तेल खरवडून खालीं लोटीत असतात. त्या झिजल्या किंवा काजळीनें खांचेंत अडकून बसल्या म्हणजे तेल वर राहतें व पेट्रोलाबरोबर जळतें. तसेंच व्हॉल्व्हाच्या दांड्यावर लहानशी रबरी टोपी असते, तिला व्हॉल्व्ह सील म्हणतात. ती कडक झाली म्हणजे वरचें तेल दांड्यावरून थेंबथेंब आंत उतरतें.

माझी गाडी पेट्रोलची, सन २००३ सालची, दुसऱ्या हातची घेतलेली. दीड लाख किलोमीटरच्या आसपास चालल्यावर तिच्याखालीं रोज सकाळीं तेलाचे डाग दिसूं लागले. तालुक्याच्या गांवीं एका मिस्त्रीस दाखविली. त्यानें गिअरबॉक्स उतरवून क्रँकचें मागील सील बदलण्यास सांगितलें. दुसऱ्यानें सायलेन्सरच्या तोंडाशीं बोट फिरवून तें काळें झालेलें दाखविलें, आणि रिंगा गेल्या, पूर्ण इंजिन करावें लागेल, चाळीस हजार रुपये ठेवा, असें सांगितलें. गाडीची एकंदर किंमतच तेव्हां नव्वद हजारांच्या वर नव्हती. दोघांच्या मतांत इतकें अंतर पाहून मीं दोन्ही कामें तहकूब ठेविलीं व एक वही घातली.

वहीची रीत अशी. गाडी सपाट जागेवर उभी करावी. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची पहांटे, इंजिन सुरू करण्यापूर्वीं, तेलाची काडी काढून पुसावी, पुनः पूर्ण आंत घालून काढावी व तेल कोणत्या खुणेपर्यंत लागलें तें पाहावें. उतारावर उभ्या केलेल्या गाडीची काडी खोटी साक्ष देते. वरच्या खुणेपर्यंत तेल भरून त्या दिवशींचा किलोमीटरचा आंकडा लिहावा, आणि पुढें दर आठवड्यास काडी पाहून जेवढें तेल घालावें लागेल तेवढें औषधाच्या मापानें मोजून लिहीत जावें. काडीवरील दोन खुणांमधील अंतर बहुतेक गाड्यांत सुमारें एक लिटरचें असतें. लहान इंजिनांत कमी असतें. अशा रीतीनें १,००० किलोमीटर पुरे होण्यास मला दोन महिने लागले, आणि तेवढ्यांत ७०० मिलिलिटर तेल घालावें लागलें.

आतां डागाचा हिशेब पाहूं. रात्रीं गाडीखालीं जुनें वर्तमानपत्र पसरून सकाळीं मीं थेंब मोजले. बहुधा वीस-बावीस भरत. एका मिलिलिटरांत तेलाचे सुमारें वीस ते पंचवीस थेंब होतात. म्हणजे ज्या डागानें घरांतील सर्व मंडळी चिंतेंत पडली होती तो रात्रीस एका मिलिलिटरचा! दिवसा उभ्या गाडीचे थेंब धरूनही दोन महिन्यांत शंभर मिलिलिटरांच्या वर जमिनीवर पडलें असेल असें वाटेना. उरलेलें सहाशें कोठें गेलें, याचा जाब डागापाशीं नव्हता. डाग डोळ्यांस मोठा दिसतो, परंतु इंजिन चालू असतां व तेल पातळ होऊन दाबाखालीं असतां जें जातें तें वाटेवर सांडतें किंवा धुरावाटें जातें, आणि तें कोणी पाहत नाहीं.

धुराची पारख करण्यास फारशी विद्या लागत नाहीं. मात्र मागें दुसरा मनुष्य बसवून किंवा उभा करून ती करावी, कारण चालविणारास आपला धूर दिसत नाहीं. तेल जळल्याचा धूर निळसर असतो व त्याचा वास नाकांत राहतो. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करतांच निळा लोट येऊन मिनिटभरांत नाहींसा झाला, अथवा घाट उतरतांना पाय काढलेला असून खालीं आल्यावर पुनः दाबतांच लोट निघाला, तर दोष बहुधा व्हॉल्व्ह सीलचा. चढावर किंवा ओझें ओढतांना सारखा निळा धूर येत असेल तर रिंगांकडे संशय जातो. काळा धूर पेट्रोल-डिझेल अधिक जात असल्याचा. त्याचा या तेलाशीं संबंध नाहीं. हिवाळ्यांत सकाळीं दिसणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते, परंतु इंजिन तापल्यावरही ती दाट निघत राहिली व तिला गोडसर वास आला, तर रेडिएटरचें पाणी आंत शिरत आहे असें समजून गाडी थांबवावी. माझ्या गाडीचा धूर सकाळींच, तोही क्षणभर, दिसे. घोटीकडील चढावर मुलानें मागून दुसरी गाडी ठेवून पाहिलें तेव्हां मुळींच दिसला नाहीं. रिंगांवरील आरोप येथेंच डळमळला. सायलेन्सरचें तोंड काळें असण्यावरून कांहींच ठरत नाहीं. जवळपास हिंडणाऱ्या कोणत्याही पेट्रोल गाडीचें तें काळें असूं शकतें.

मग गळतीचें मूळ शोधिलें. जेथें थेंब पडतो तेथेंच भोंक आहे असें समजणें ही मोठी चूक होय. तेल वरून निघून इंजिनाच्या अंगावरून ओघळतें, वाऱ्यानें मागें जातें, व सर्वांत खालच्या कडेशीं लोंबतें. म्हणून इंजिन थंड असतां तारा व विजेचे भाग संभाळून, थोड्या डिझेलनें व ब्रशानें तें पुसून स्वच्छ केलें, कोरडें होऊं दिलें, आणि अंगास लावावयाची पावडर फडक्यानें त्यावर झटकली. (रांगोळी वापरूं नये, ती दगडाची भुकटी आहे.) वीस किलोमीटर फिरून आल्यावर पावडरीवर तेलाचा ओघळ स्पष्ट उमटला. तो मागील सीलपासून नव्हताच. इंजिनाच्या माथ्यावर जें टॅपेट कव्हर असतें त्याच्या मागच्या कडेपासून तो निघाला होता, आणि त्याचा मोठा भाग सायलेन्सरच्या तापलेल्या नळावर पडून तेथल्या तेथें जळत होता. घाट चढून थांबल्यावर बॉनेटमधून जो करपल्यासारखा वास येई त्याचा उलगडा झाला. हें तेल जमिनीवर पडत नव्हतें आणि सायलेन्सरच्या धुरांतही नव्हतें, म्हणून दोन्ही मिस्त्रींच्या दृष्टीस चुकलें. तापल्या नळावर तेल पडणें हें आगीचें निमंत्रण आहे. अशी गळती थोडी असली तरी ती सर्वांआधीं बंद करावी.

पॅकिंग बदलतांना आणखी एक गोष्ट निघाली. पिस्टनच्या बाजूनें थोडा जळका वायु नेहमींच खालीं चेंबरांत शिरत असतो. त्यास बाहेर जाण्यासाठीं एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. माझ्या गाडीची ती नळी काजळीच्या चिखलानें गच्च भरली होती. वायूस वाट न मिळाल्यामुळें तो आंतून दाब देत होता, व जें पॅकिंग सर्वांत दुबळें तेथून तेल बाहेर ढकलीत होता. नळी तशीच ठेवून केवळ पॅकिंग बदललें असतें तर तेंही थोड्या महिन्यांत गळूं लागलें असतें. ज्याच्या गाडीचीं सील वरचेवर जातात त्यानें सीलला दोष देण्यापूर्वीं ही नळी पाहावी. दोन्ही कामांस मजुरीसह १,४०० रुपये लागले.

पुढील १,००० किलोमीटरांस ३०० मिलिलिटर तेल लागलें. हा उरलेला खर्च व्हॉल्व्ह सीलचा, सकाळच्या निळ्या लोटाचा. तो बंद करावयाचा तर हेडचें काम काढावें लागतें. माझी गाडी वर्षाला सुमारें ६,००० किलोमीटर चालते; त्या हिशेबानें वर्षाला १,८०० मिलिलिटर तेल, आणि लिटरला मीं ४५० रुपये मोजले असल्यानें ८१० रुपये. एवढ्यासाठीं हेड उघडणें मला परवडणारें दिसलें नाहीं, व मीं तें काम आजतागायत केलेलें नाहीं. कित्येक कारखानदारांच्या पुस्तिकांतून दर १,००० किलोमीटरला एक लिटरपर्यंत तेल जाणें चालण्याजोगें मानलेलें आहे. तेवढें जाऊं द्यावें असें मी म्हणत नाहीं. परंतु थोडें तेल जाणें म्हणजे इंजिन संपलें असें नव्हे.

इंजिन संपतें तें तेल कमी पडल्यानें. सन २०१९ मध्यें माझा भाचा मालेगांवचें लग्न आटोपून आपल्या जुन्या गाडीनें परत येत होता. राहुडच्या घाटांत वळणावर तेलाचा तांबडा दिवा लागे व सरळ रस्त्यावर विझे. तेल थोडें उणें असेल, चांदवडला घालूं, असें म्हणून तो चढत राहिला. चांदवड येण्यापूर्वींच खडखड आवाज होऊन इंजिन अडकलें. बेअरिंगें गेलीं, क्रँक गेला, आणि त्या हंगामाच्या कांद्याचे पैसे दुसरें जुनें इंजिन बसविण्यांत गेले. त्याची समजूत अशी होती कीं तो दिवा म्हणजे तेल घालण्याची आठवण. तसें नाहीं. तो दिवा तेलाची पातळी दाखवीत नाहीं, दाब दाखवितो. चढावर व वळणावर उरलेंसुरलें तेल एका बाजूस गेलें, पंपाचें तोंड उघडें पडलें, आणि बेअरिंगें कोरडीं फिरूं लागलीं, तेव्हां तो लागला. दिवा लागतांच सुरक्षित जागीं गाडी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावें. बैलगाडीचा आंस वंगणावांचून करकरतो व कोसभर तरी सांगत राहतो. मोटारीचें इंजिन तेवढी सवड देत नाहीं.

तेल कमी होतें म्हणून वरच्या खुणेपेक्षां अधिक भरून ठेवण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे. त्यानें उलट होतें. फिरता क्रँक तेलांत बुडून त्याचा फेंस करितो, फेंसानें दाब पडतो, व ब्रीदरमधून तेल अधिकच जातें. दाट तेल घालण्याचा उपाय मर्यादेंत ठीक आहे: गाडीच्या पुस्तिकेंत जे क्रमांक दिले असतील त्यांपैकीं दाट तो आपल्या उन्हाळ्यांत घ्यावा, परंतु पुस्तिकेबाहेर जाऊं नये, कारण अलीकडील इंजिनांतील तेलाच्या वाटा अरुंद असतात. गळती थांबविण्याचीं जीं औषधें बाटलींत मिळतात तीं रबर थोडें फुगवितात. फाटलेल्या सीलवर किंवा कागदी पॅकिंगवर त्यांचा इलाज चालत नाहीं. पॅकिंगला लावण्याची चिकट लुगदी हात सैल सोडून लावूं नये. आंत निघालेला तुकडा पंपाच्या जाळींत अडकतो. चेंबरचा नट आवळतांनाही जोर करूं नये, विशेषतः चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर. आटे गेले कीं चेंबरच बदलावा लागतो.

रिंगांचाच संशय राहिला तर इंजिन खोलण्यापूर्वीं मिस्त्रीकडून दाब तपासून घ्यावा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. कमी भरल्यास प्लगच्या भोंकांतून चमचाभर तेल घालून पुनः मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हांत. ही तपासणी थोडक्या पैशांत व अल्प वेळांत होते, आणि तिचे आंकडे कागदावर लिहून मागण्याचा मालकास संकोच वाटूं नये. प्लग वरचेवर तेलकट होऊन गाडी तुटक चालत असेल, किंवा दर १,००० किलोमीटरला लिटराहून अधिक तेल जळत असेल, तर मात्र टाळाटाळ करूं नये. सायलेन्सरच्या वाटेंत धूर शुद्ध करणारें जें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचें भांडें असतें, तें जळक्या तेलांतील फॉस्फरसमुळें निकामी होतें, व तें महाग आहे. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते व पुढें तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. निळा धूर सोडणारी गाडी त्या दिवशीं मालकास अडचणींत आणते.

काढलेलें जळकें तेल कुंपणाच्या खांबांस वाळवीसाठीं लावण्याची अथवा खळ्याशेजारीं धूळ बसावी म्हणून शिंपण्याची आपली संवय सोडण्यासारखी आहे. त्यांत बेअरिंगांच्या झिजेचे धातु असतात, व तें पाण्यांत उतरलें तर निघत नाहीं. सन २०१६ च्या नियमांत वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत मोडतें. डब्यांत सांठवून जेथें तेल बदलतों त्या गॅरेजमध्यें देणें हें सोयीचें. माझी गाडी पूर्वीं विहिरीच्या काठाशीं उभी असे. ती जागा बदलून आतां गोठ्यापलीकडे केली आहे. खालीं पत्रा घालून त्यावर लाकडाचा भुसा पसरला आहे, व तो महिन्यानें बदलतों. कारण पॅकिंग नवें असलें तरी रात्रीस सहा-सात थेंब अजून पडतातच, आणि ते वहींत लिहिलेले आहेत.