टोचणारी बाई

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जिथे फुटतो, तो आमचा कसालचा तिठा. तिथे भाजी घ्यायला उभी राहिले की एखादं पोर मला बघून आईच्या कडेवरच उसळतं आणि भोकाड पसरतं. आई ओशाळते. "तुमका बघून नाय हां सिस्टर, झोप इली आसा तेका." झोपबीप काही नाही, मला बघूनच रडतं ते. पाच वर्षांखालच्या कसालकरांत माझी एवढीच काय ती ख्याती. निवृत्ती आता जवळ आलीय. नव्याने लागलेल्या मुली कधीमधी विचारतात, "सिस्टर, एवढी वर्षं कशी काढलीत?" चहा पिता पिता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून बघतेय. आकडे नुसते घातलेत, क्रम असा काही नाही.

१. नातेवाइकांसमोर स्वस्थ बसणं हे नर्सिंगमधलं सगळ्यात अवघड काम. हे मला फुरशाने शिकवलं. आमच्याकडे कुणी जांभ्याचे चिरे हलवायला जातं, कुणी गवतात हात घालतं, आणि 'जनावर चावला' म्हणून रात्री रिक्षा दारात येते. फुरसं जेमतेम हातभर लांब, पण त्याचं विष रक्ताची गोठण्याची शक्तीच काढून घेतं. ते अंगात भिनलंय की नाही हे बघायची पद्धत इतकी साधी की पहिल्यांदा शिकवली तेव्हा मला ती थट्टाच वाटली होती. दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं, नळी उभी ठेवायची आणि २० मिनिटं तिला हात लावायचा नाही. नळी प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेलीही नको, कारण साबणाचा अंश राहिला तर निरोगी माणसाचं रक्तसुद्धा नीट गोठत नाही.

आता ही २० मिनिटं बाहेरून बघा. पेशंट कण्हतोय, पाय सुजलाय, त्यावर कुणीतरी आवळून बांधलेला टॉवेल मी आताच सोडलाय (बांधू नका हे किती वर्षं सांगतोय आम्ही), अंगणात अख्खी वाडी जमलीय, आणि सिस्टर एका नळीकडे बघत बसलीय. मधून मधून बीपी बघते, पापण्या जड होतायत का ते बघते, कारण मण्यार किंवा नाग असेल तर रक्त व्यवस्थित गोठतं आणि श्वास अडकतो. पण लोकांना ते 'काही करणं' वाटत नाही. "सिस्टर, घड्याळ कसला बघतास? इंजेक्शन देवा आधी!" एकाने तर मेलेलं फुरसं बाटलीत घालून माझ्या टेबलावर ठेवलं, पुरावा म्हणून. २० मिनिटांनी नळी एकदाच वाकडी करायची. आतलं रक्त थिजून बसलं असेल तर हायसं वाटतं. पाण्यासारखं वाहिलं, तर मग सगळ्यांना हवी असलेली धावपळ सुरू. प्रतिविषाच्या बाटल्या निघतात. ती पावडर विरघळवतानाही बाटली खळाखळा हलवायची नाही, फेस होतो, हलकेच फिरवायची. म्हणजे घाईच्या वेळीही घाई नाहीच.

विंचवाची गोष्ट वेगळी. लाल विंचू चावल्यावर घामाने भिजलेला, हातपाय गार पडलेला माणूस आला तर तिथे बसून राहायचं नाही. कोकणात विंचू चावून माणसं मरायची, त्या काळात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरच्या प्राझोसिन नावाच्या गोळीचा उपयोग शोधला आणि तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोचवला. ग्रामीण भागात बसून, डोळे उघडे ठेवून केलेलं काम होतं ते. कंटाळा आला की मी त्याची आठवण काढते. कंटाळा जात नाही, पण डोळे जरा उघडतात.

२. देवाच्या कौलाशी भांडू नये. तरुणपणी मी फार भांडले. डॉक्टरांनी सांगावं की ताबडतोब बांबोळीला हलवा, आणि घरच्यांनी म्हणावं, थांबा, देवाक कौल लावूक गेलत. आता ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, तरी आमच्याकडे 'बांबोळी' हा शब्द उच्चारला की माणसं गप्प होतात. शंभरेक किलोमीटरवरचं गोवा मेडिकल कॉलेज; कितीजण तिथून बरे होऊन आले, पण लक्षात राहतात ते न आलेले. मला राग यायचा तो वेळ जातो म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा देवाच्या पाषाणावर लावलेल्या कौलाच्या पाकळीला जास्त किंमत म्हणूनही.

मग एकदा कौल घेऊन आलेल्या मोठ्या भावाचा चेहरा मी नीट बघितला. आमच्या संमतीच्या कागदावर एकाच माणसाने सही करायची असते. बाप वाचला नाही तर बाकीचे भाऊ जन्मभर त्या एकाकडे बोट दाखवणार. उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार, मिळाला की ती सही साऱ्या घराची होते, थोडी देवाचीही. हे कळल्यावर मी वाटाघाटीला शिकले. "एक जण देवळात जावंदे, बाकीचे गाडयेत बसा. कौल फोनार सांगूदे." आजवर एकाही देवाने हरकत घेतलेली नाही.

३. गोळी देणं सोपं, ती पोटात जाणं कठीण. लावणीच्या दिवसांत लेप्टोची भीती असते. चिखलात उंदराचं, गुराचं मूत मिसळलेलं, पायाला भेगा, आणि बायका सकाळपासून पोटरीभर पाण्यात. म्हणून आम्ही डॉक्सीच्या गोळ्या घेऊन बांधावर जातो, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. पहिल्यांदा गेले तेव्हा बायकांनी गोळ्या घेतल्या, पदराला बांधल्या, गोड हसल्या. पुढच्या आठवड्यात त्या गोळ्या मला एका घरात देव्हाऱ्याशेजारच्या डबीत सुखरूप दिसल्या. "ताप येयत तेवा खाईन," काकी म्हणाल्या. येऊ नये म्हणून खायची, हे त्यांच्या हिशेबात बसेना. आणि रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, त्यामुळे एकीला उलटी झाली की साऱ्या वाडीत बोंब. मग मी पेजेची वेळ धरायला लागले. दहा-साडेदहाला शेतावर पेज येते, तेव्हा आपणही मेरेवर टेकायचं, पेज पोटात गेल्यावर गोळी द्यायची, भरपूर पाणी प्यायला लावायचं आणि तोंडात गेलेली बघायची. पोटुशी कोण, ते आधी हळूच विचारून घ्यायचं, कारण तिला ही गोळी चालत नाही. पेज मलाही मिळते, सोबत भाजलेला सुका बांगडा. त्या वाडीत त्या पावसात कुणी आजारी पडलं नाही, तर त्याचं श्रेय पेजेला जातं.

४. लसीचं यशच लसीच्या मुळावर येतं. पूर्वी प्रत्येक गावात पोलिओने पाय वाळलेला एखादा मुलगा असायचा, त्यामुळे आजीला काही समजवावं लागत नसे. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालात हावड्याला सापडला. मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्रही मिळालं. आजच्या आईने तो पाय पाहिलेलाच नाही. ती मोबाइल बघून विचारते, "गरज काय आता?" प्रश्न रास्त आहे आणि तो पडावा इतकं काम आम्हीच केलंय, याचा अभिमान बाळगावा की कपाळावर हात मारावा ते कळत नाही. तरी बाळाला टोचून घेऊन जाते, आणि दुसऱ्या दिवशी तिचाच फोन येतो, "सिस्टर, काल बरो होतो, आज अंग गरम." येणारच. पॅरासिटामोलचं प्रमाण कार्डावर लिहून दिलंय, ताई, कार्ड उलटं करा.

५. बाळ रडलं की सगळे हसतात, आणि माझी खरी भीती तिथून सुरू होते. बाहेर पेढ्याची चर्चा, कुणाचं नाक आजोबांवर गेलंय त्यावर वाद. आत मी अजून वार पडायची वाट बघत असते. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिन, १० युनिट. मग पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळून कडक होतंय का ते चाचपायचं. मऊ लागलं की माझ्या पोटात गोळा येतो. बाळंतिणीचा जीव जातो तो अनेकदा या आनंदाच्या तासात, रक्तस्रावाने. पुढचे दोन तास मी तिच्याजवळून हलत नाही, आणि सासू म्हणते, "ह्यो सिस्टर हसणतच नाय गे!" या नोकरीत आपला चेहरा आपल्या मालकीचा राहत नाही, एवढं खरं. घरी तर लेकीला ताप आला की मी "पाणी पी, झोप" म्हणून वळते. ती म्हणते, पुढच्या जन्मी पेशंट होऊन तुझ्याकडे येईन, निदान कपाळाला हात तरी लावशील.

६. पाठ फिरवणं हे औषध आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची हकिकत आम्हा नर्सेसना पाठ असते. १९७३ साली हल्ला झाल्यापासून २०१५ साली जाईपर्यंत, जवळपास ४२ वर्षं, त्यांना तिथल्या परिचारिकांनी सांभाळलं; इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर एकही बेडसोर नाही, याची नोंद २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने घेतली. वाचून माझा ऊर भरून आला होता, आमच्या जातीची माणसं म्हणून. पण ती ड्युटीवर येणाऱ्या-जाणाऱ्या कितीतरी जणींची शिफ्ट होती. मालवण रस्त्यावरच्या एका घरी पक्षाघात झालेली म्हातारी होती आणि शिफ्ट एकट्या सुनेची. दर दोन तासांनी कूस बदला, मी सांगून आले, वर एक तक्ताही काढून दिला, टापटीप, रेघा मारून. पंधरवड्याने गेले तर तक्ता पोपडे आलेल्या भिंतीवर तसाच कोरा. मी तोंड उघडणार इतक्यात बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. सुनेने चुलीवरचं भांडं उतरवलं, आत गेली, सासूला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीमागे घडी घातलेलं लुगडं सरकवलं, घोट्यांच्या मधे उशी, चादरीची सुरकुती तळहाताने ओढून काढली. सगळं अर्ध्या मिनिटात. "मालवण गाडी गेली काय डावी, कुडाळ गाडी गेली काय उजवी," ती म्हणाली. "आणि रात्री?" "रात्री झोप लागता खंय, सिस्टर?" म्हातारीच्या माकडहाडावर मी बोट फिरवून पाहिलं. लालीसुद्धा नव्हती. तक्ता मी गपचूप काढून पर्समध्ये घातला.

७. अर्धे पेशंट कसालात असतात आणि त्यांचे पालक मुंबईत. 'पालक' म्हणजे मुलगे. बीपी बघायला घरी गेलं की म्हातारी मोबाइल पुढे करते, "माझ्या झिलाक सांग गे बाये, मी गोळयो घेतंय म्हणान." मी सांगते. तो हळू आवाजात विचारतो, "सिस्टर, खरंच घेते का?" आता इथे मी कोणाची? पाकीट मी बघितलेलं असतं, चार गोळ्या जास्त उरलेल्या असतात. "विसरते अधूनमधून," असं म्हणते, दोघांनाही चालतं. गणपतीत हेच चाकरमानी येतात, आईला घेऊन तपासण्यांची रांग लावतात, मुंबईचे महागडे डबे ठेवून जातात, आणि आवाठात सगळ्यांची शुगर मोदकांवर चढलेली आम्ही दसऱ्यापर्यंत उतरवत बसतो. २०२० साली करोनात याच मुलग्यांना गावच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं होतं, तेव्हा आया वर्गाच्या खिडकीबाहेर लांब उभ्या राहून जेवणाचा डबा दाखवायच्या. त्या दिवसांवर मला लिहिता येत नाही, सोडून देते.

८. कंत्राटी मुलींचं बघून मला माझ्या पेन्शनची लाज वाटते. काम तेच, रात्र तीच, टॅबमध्ये भरायची माहिती तीच, आणि दर वर्षी ऑर्डर निघेल की नाही याची धाकधूक. त्यांतल्या दोघी आखातात जायची परीक्षा देतायत. जाऊ नका असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

९. मोबदला केव्हा मिळेल ते सांगता येत नाही, पण बहुतेकदा तो वास मारतो. गेटला अडकवलेल्या पिशवीत कधी कोकमं, कधी कापा फणस, कुणी दिलं त्याची चिठ्ठी नाही. परवा मासेवालीने हिशेबाच्या वर दोन बांगडे टाकले. कशाबद्दल ते मला आठवेना, तिने सांगितलं नाही. नको म्हणायला गेले तर म्हणाली, "ऱ्हवांदे गे. बीपीचा मशीन हाडलंस काय?" पिशवीत होतं. तिचं बघितलं, १५०च्या वर. शेजारच्या कोंबडीवाल्याने बाही वर केली, मग रिक्षावाल्याने, मग नारळ घेऊन चाललेल्या एका भटजींनी. तिठ्यावर उन्हात तासभर गेला. मासेवालीला दुसऱ्या दिवशी ओपीडीला बोलावलं, ती काही आली नाही, म्हणून आता बाजाराला जाताना मशीन घेऊनच निघते. त्याच्या पट्ट्याला बांगड्यांचा वास लागलाय. ओपीडीत नव्या मुली नाक धरतात, पण आकडा बरोबर दाखवतं.