हजेरीपटावरची सही

पुण्यातील एका कापडदुकानात हिशेबाचा कारकून म्हणून मी अकरा वर्षे काढली. ज्या हाताने इतरांच्या पगाराची पै अन् पै मांडली, त्याच हाताने स्वतःच्या हक्कावर पाणी सोडले, ही कबुली देताना आजही संकोच वाटतो. सन २०१९ मध्ये १५ ऑगस्टलाच राखीपौर्णिमा आली होती आणि गणपतीही तोंडावर होते, तेव्हा दुकान बंद ठेवणे मालकांना परवडणारे नव्हतेच. ध्वजवंदन उरकून उघडलेले दुकान रात्री नऊला मिटले. मालकांनी पेढे वाटले, ‘पुढल्या आठवड्यात एकेक दिवस सुट्टी घ्या’ म्हणाले, आणि आम्ही बावीस नोकर त्या औदार्याने गहिवरून गेलो. महिनाअखेरीस हजेरीपट समोर आला, त्यात त्या तारखेपुढे ‘सुट्टी’ असा शेरा होता. तो वाचूनही मी मुकाट्याने सही केली.

पुढे एका परिचित वकिलांनी दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ चे कलम १८ दाखवले. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार सुट्ट्या भरपगारी. त्यांखेरीज आणखी चार सण मालक व कामगारांनी वर्षारंभापूर्वी संमतीने ठरवायचे. अशा दिवशी कामास बोलावले, तर दुप्पट वेतन द्यावे आणि बदली रजाही द्यावी. सारी मेख त्या ‘आणि’मध्ये आहे, आमच्या मालकांनी तेथे ‘किंवा’ वाचला होता, आणि मी तर काहीच वाचले नव्हते. तगादा लावावा म्हटले, तर माझ्याच सहीचा तो हजेरीपट माझ्याविरुद्ध साक्ष देत होता.

म्हणून सांगतो: चार सणांची यादी डिसेंबरातच लेखी मागून घ्यावी, कारण जो सण यादीत नाही त्याच्यासाठी पुढे भांडता येत नाही. सुट्टीच्या कामाचा हुकूम तोंडी असला, तरी आल्या-गेल्याची वेळ स्वतःच्या वहीत टिपावी. मागणीचा अर्ज द्यावा तो दोन प्रतींत, आणि एकीवर पोहोच घ्यावी. मालक दाद देईनात, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तीच प्रत उपयोगी पडते. तेथे गाऱ्हाण्यापेक्षा कागदाला वजन असते, हे मी कारकून असूनही उशिराच शिकलो.

पुढल्या २६ जानेवारीला दुकान पुन्हा उघडे राहिले. महिनाअखेरीस हजेरीपट आला, तेव्हा ‘सुट्टी’ या शब्दाखाली मी ‘कामावर हजर, सकाळी दहा ते रात्री नऊ’ असे लिहिले आणि मगच सही केली. मालकांनी चष्मा कपाळावर चढवून तो रकाना दोनदा वाचला.