साहेब गेल्यावरची शाळा

पोरी, सौंसरकडच्या मिडल शाळेचा प्रभार तुझ्याकडे आला, हे तुझ्या बापाने फोनवर इतक्या कौतुकाने सांगितलं की मला आधी वाटलं तू कलेक्टरच झालीस. कौतुक मलाही आहे. पण प्रभार म्हणजे पगार तोच आणि किल्ल्यांचा जुडगा जास्तीचा, हे तुला पहिल्याच आठवड्यात कळलं असेल. पांढुर्णा 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला, जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं. साहेब येणार म्हटलं की भिंती कशा पुसायच्या ते तुला कोणीही शिकवेल. मी सांगते ते साहेब गेल्यानंतर कामाला येणारं आहे. घाई नाही, चहा पीत वाच.

1. पहिला महिनाभर काही बदलू नको, रोज एका वर्गात मागे टाटपट्टीवर पोरांच्या शेजारी बस — खुर्चीवरून नुसती रजिस्टरं दिसतात.

2. मग सगळ्यांना बसवून या वर्षाची एकच गोष्ट ठरवा — पाच ठरवल्या की प्रत्येकाला वाटतं, ही आपली नाही, आपली ती बाकीच्या चारांतली.

3. ती गोष्ट डोळ्यांनी दिसणारी असू दे. ‘गुणवत्ता वाढवू’ हे कोणालाच दिसत नाही. ‘सहावीतलं प्रत्येक लेकरू दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट न अडखळता वाचेल’ हे गावातल्या आजीलाही दिसतं — ‘असर’च्या पाहणीवाले 2005 पासून खेडोपाडी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट एवढंच वाचायला देतात, आणि तेवढ्यावर देशाला झोप येत नाही.

आता जरा थांबून सांगते, कारण भले भले इथेच घसरतात. आपल्या मध्य प्रदेशात शाळा सुधारण्याचा मोठा कार्यक्रम झाला. शाळेचं मूल्यांकन करायचं, दर्जा ठरवायचा आणि त्या शाळेपुरती सुधारणेची योजना लिहून काढायची. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 1,774 शाळांत तपासला. मूल्यांकन जवळजवळ सगळीकडे पूर्ण झालं होतं, दर्जेही बऱ्यापैकी खरे निघाले. कामचुकारपणा झाला असं कोणी म्हणू शकलं नसतं. तरी शिकवण्यात फरक नाही, लेकरांच्या येण्यात-वाचण्यात फरक नाही. आणि गंमत पुढेच आहे. कार्यक्रम यशस्वी समजला गेला आणि देशभर सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत पोचला. कागद भरला, पाटी कोरी. योजना चांगल्या होत्या गं, पण त्यांचा जाब वरच्यांनी विचारायचा होता, आणि वरच्यांनी विचारलं ते एवढंच की फॉर्म भरला का. शेजारच्या वर्गातली बाई शेजारच्या सरांना काही विचारेल, अशी सोय त्यात नव्हती. ती सोय कोणताही आदेश करून देत नाही. ती तुलाच करावी लागेल.

4. शाळा विकास योजना शिक्षणाच्या हक्काच्या 2009 च्या कायद्याने शाळा प्रबंधन समितीला करायचीच आहे, ती नीट करून वर पाठव. पण चार ओळींची दुसरी प्रत व्हरांड्यात लाव — पाठवलेली फायलीत जाते, व्हरांड्यातली पोट्टी वाचतात आणि तोंडावर विचारतात.

5. त्या चार ओळींत प्रत्येकीपुढे एक नाव आणि एक तारीख लिही — ‘आपण सर्व’ नावाचा शिक्षक अजून कोणत्याच शाळेत रुजू झालेला नाही.

6. पहिल्या ओळीपुढचं नाव तुझं स्वतःचं — बाकीच्यांनी त्या तारखेला तुला विचारलं की निम्मं काम झालं.

7. गुरुवारी सुट्टी झाल्यावर अर्धा तास सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं आणि प्रत्येकाने स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या वर्गाच्या पाच वह्या उघडायच्या — आपल्या वर्गाच्या वह्या आपल्याला पाठ असतात, म्हणून दिसत नाहीत.

काय दिसेल ते आत्ताच सांगून ठेवते. सत्तेचाळीस अधिक अडतीस, उत्तर पंच्याहत्तर, आणि त्यावर भलीमोठी लाल बरोबरची खूण. सात आणि आठ पंधरा झाले, पाच खाली मांडले, हातचा एक वाऱ्यावर गेला. बाईंनी तपासताना शेवटचा पाच पाहिला आणि पान उलटलं. आता तसाच हातचा सहावीच्या वहीतही हरवलेला सापडेल, फक्त आकडे मोठे असतील. मग सुरू होतं: सहावीचा पाचवीवर ढकलतो, पाचवीचा चौथीवर, चौथीचा अंगणवाडीवर, आणि अंगणवाडीची ताई मायबापावर. हे सुरू झालं की बोलू दे दोन मिनिटं, मन मोकळं होतं. मग शांतपणे विचार, “हा हातचा या आठवड्यात कोण शिकवणार आणि पुढच्या गुरुवारी कोण बघणार?” दोन नावं लिही आणि घरी जा.

8. ‘कोणाच्या वर्गातली चूक’ हा शब्दप्रयोगच टेबलावरून उठव, ‘आपल्याकडे ही चूक आहे’ असं म्हणायची सवय लाव — बोट दाखवणाऱ्या हातात खडू राहत नाही.

9. पुढच्या गुरुवारी सुरुवात मागच्या गुरुवारच्या दोन नावांपासूनच कर, नवीन विषय नंतर — मागचं विचारलं जाणार नाही हे एकदा कळलं की ठरवणं ही नुसती करमणूक होते.

10. एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायचं ठरवाल तेव्हा पहिला वर्ग तुझा उघडा ठेव, आणि बघणाऱ्याला सांग की माझ्याकडे नाही, पोरांच्या हाताकडे बघा — जपानात शिक्षक शंभर वर्षांहून अधिक काळ एक धडा मिळून तयार करतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे लेकरं कुठे अडतात ते टिपतात. त्यामुळे चुकतो तो धडा, माणूस नाही.

11. वर्ग बघायला जाताना हातात रजिस्टर नेऊ नको — रजिस्टर दिसलं की सर जोरात बोलायला लागतात आणि पोरं हळू.

12. अतिथी शिक्षकांना गुरुवारच्या बैठकीत बोलव, त्यांचं नावही त्या चार ओळींत घाल — गणित-इंग्रजी कित्येकदा त्यांच्याच गळ्यात असतं, आणि आपण त्यांना शाळेचे पाहुणे समजतो.

13. ‘कमजोर’ असा शेरा मारण्याआधी लेकराला तोच प्रश्न मराठीत विचारून बघा — आपल्याकडे घरात मराठी आणि पुस्तकात हिंदी. 1956 मध्ये राज्यांची वाटणी झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो, त्याची शिक्षा सहा वर्षांच्या पोराला कशाला?

14. गैरहजेरी महिन्याच्या शेवटी मोजू नको, तिसऱ्या दिवशी मोज, आणि कोणी कोणाच्या घरी जायचं ते मोहल्ल्यानुसार आधीच वाटून ठेव — कापूस वेचायला किंवा संत्र्याच्या तोडीला गेलेलं पोरगं तिसऱ्या दिवशी परत आणता येतं, तिसऱ्या आठवड्यात ते मजूर झालेलं असतं.

15. कायदा मिडलला वर्षाचे 220 दिवस शिकवायला सांगतो. त्यांतले किती दिवस खरंच वाचन-गणित झालं, ते मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून दाखव — शाळा उघडी होती आणि शाळा झाली, यांतलं अंतर बघितल्याशिवाय कोणाला पटत नाही.

16. प्रबंधन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असा नियम आहे; तो सह्यांपुरता ठेवू नको, वेळही त्या बायांना विचारून ठरव — सकाळी अकराला ठेवलेल्या बैठकीला शेतात गेलेली माय येत नाही, येतो तो सरपंचाचा रिकामा माणूस.

17. त्या बैठकीत आकडे वाचून दाखवू नको, दोन लेकरांना उभं करून वाचायला लाव, एक चांगलं वाचणारं आणि एक अडखळणारं, दोघांच्या मायांना आधी विचारून — टक्केवारी ऐकून माय मान हलवते, अडखळणं ऐकून प्रश्न विचारते.

18. प्रश्न टोचला तरी गावावर उलटून पडू नको — प्रथेप्रमाणे एकमेकांना दगड मारायला आपल्याकडे पोळ्याचा दुसरा दिवस राखून ठेवलेला आहे, तोही जाम नदीवर. बाकी वर्षभर शाळेने आणि गावाने हात खाली ठेवलेलेच बरे.

19. वाईट आकडा वाईटच लिही. ‘प्रतिभा पर्वा’सारख्या सरकारी चाचण्यांची स्वतंत्र तपासणी झाली, तेव्हा कागदावरचे गुण फुगलेले निघाले — साहेबाला खोटं सांगितलं तर साहेबाचं काही बिघडत नाही, गुरुवारी टेबलाभोवती मात्र आपणच आपल्याला फसवत बसतो.

20. कोणाकडून जास्तीचं काम मागशील तेव्हा त्याच वाक्यात काय देशील तेही सांग: एक तास मोकळा, एक रजिस्टर कमी, नाहीतर त्याच्या शेजारी बसून तुझी मदत — हार्वर्डचे रिचर्ड एल्मोर आयुष्यभर हेच सांगत राहिले, की जितकं मागाल तितकी ताकद देणं तुमच्यावर बाकी राहतं, आणि शाळेत आपसात एकमत नसेल तर बाहेरचा कितीही दबाव आत पोचत नाही.

21. कोणी ठरलेलं केलं नाही तर पहिल्यांदा एकटं गाठून विचार, दुसऱ्यांदा मदतीला माणूस दे, तिसऱ्यांदा टेबलावर सगळ्यांसमोर विचार. पायरी गाळू नको आणि पायरीवर बसूनही राहू नको — विचारलं तर खटकतं, न विचारलं तर सडतं.

22. घरचं दुखणं, म्हातारी सासू, दूरचं गाव हे खरंही असतं, तेव्हा त्याचं काम सगळ्यांनी वाटून घ्या, पण वहीत कोणी घेतलं ते लिहा — न लिहिलेला उपकार सहा महिन्यांनी भांडण होऊन परत येतो.

23. संकुलातल्या शाळा बघणारा जनशिक्षक आला की त्याला शाळा दाखवत फिरवू नको, “सहावीतली पाच पोरं वाचत नाहीत, तुमच्या संकुलात हे कोणाला जमलंय?” असं विचार — तो कितीतरी शाळा बघतो, त्याच्या पिशवीत फॉर्मपेक्षा कामाचं बरंच काही असतं, पण कोणी मागतच नाही.

24. दुसरी शाळा बघायला जरूर जा, नरखेड-वरूड तर हाकेवर आहे. साताऱ्याकडच्या कुमठे बीटातलं प्रतिभा भराडे यांचं काम बघायला तर लांबून लांबून शिक्षक जायचे — मात्र परत येऊन तिथल्यासारखी फरशीवर रंगीत वर्तुळं काढत बसू नको. तिथले शिक्षक आपसात काय बोलतात ते ऐकून ये.

25. दर तीन महिन्यांनी एक काम बंद करा. खरंच बंद. कोणी न बघणारा तक्ता, कोणी न वाचणारी नोंद, ज्याने काही होत नाही असं सगळ्यांना माहीत आहे ते — नुसती भर घालत गेलीस तर चौथ्या महिन्यात गुरुवारचा अर्धा तासच पहिला गळेल.

26. गुरुवारची वही तुझ्या पर्समध्ये नको, शाळेच्या कपाटात राहू दे, आणि दर महिन्याला लिहिणारा बदल — उद्या तुझी बदली मुलताईला झाली, तरी पुढच्या गुरुवारी टेबलाभोवती बसायला कोणी तुझी परवानगी मागायला नको.

आणि हो, पोळ्याला घरी येशील तेव्हा सहावीच्या दोन-चार वह्या पिशवीत टाकून आण. नवीन चष्मा केलाय, पुरणपोळ्या होईपर्यंत बघून ठेवते.